विषाने दाखवलेली दारे

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातली पऱ्हाटी फार वाढली. कुठे ती छातीला लागत होती, कुठे थेट माणसाच्या उंचीला गेली होती. पाठीवर पंप घेतलेला मजूर एरवी रोपांच्या वरून फवारतो. त्या वर्षी तो रोपांच्या आत शिरून, नळी वर धरून फवारत होता, आणि वर मारलेले औषध वाऱ्याबरोबर त्याच्याच तोंडावर, मानेवर, उघड्या दंडांवर उतरत होते. हवा दमट, अंगाला घाम, कपडे औषधाने भिजलेले. हातमोजे आणि चष्मा बहुतेकांजवळ नव्हतेच. किडीचा जोर मोठा होता, म्हणून दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती. बोंडअळीपासून सुटका होईल या आशेने २००२ पासून ज्या बीटी कापसाची लागवड सुरू झाली, त्यालाही गुलाबी बोंडअळी आता दाद देत नव्हती.

जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत जिल्ह्यातले आठशेहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन रुग्णालयांत दाखल झाले. त्यातले बरेचसे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आले. कोणाला मळमळ आणि उलट्या, कोणाला दरदरून घाम, कोणाच्या तोंडातून लाळ, कोणाला समोरचे दिसेना, कोणाला श्वास घेता येईना. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि पश्चिम विदर्भात पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. त्या पाचांपैकी मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस आणि ॲसिफेट ही तीन ऑर्गॅनोफॉस्फेट या एकाच कुळातली होती.

हे कूळ शरीरात शिरल्यावर नेमके कुठे जाऊन बसते, हे शास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चेतापेशीच्या बाहेरच्या अंगावर, जिथे एक पेशी दुसरीला निरोप देते त्या सांध्यावर, कोलिनएस्टरेज नावाचे एक विकर असते. हे विष त्यालाच घट्ट चिकटते. ज्या सांध्यावर ते घाव घालते, त्याच सांध्यावरच्या रेणूंच्या हाती प्रौढ माणसाच्या मेंदूची नवे धागे जोडण्याची, जुनी वाट सोडून नवी धरण्याची ताकदही असते. हे दुसरे सत्य गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उलगडले. दोन्ही सत्यांचा इतिहास एकच आहे, आणि तो जवळजवळ सगळा विषांनीच लिहिला आहे. यवतमाळच्या त्या हंगामाकडे या इतिहासातून पाहिले, तर त्या माणसांचे आपण किती देणे लागतो ते कळते.

कॅलाबारचे बी

आजच्या नायजेरियाच्या दक्षिणेला कॅलाबार नावाचे बंदर आहे. तिथे गुन्ह्याचा संशय असलेल्या माणसाला एका वेलीचे बी खायला देऊन त्याचा न्याय करण्याची प्रथा होती. वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. हे बी स्कॉटलंडमध्ये पोहोचले आणि १८५५ मध्ये एडिंबरोचे विषशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी त्याचा तुकडा स्वतःच खाऊन पाहिला. घेरी आली, हातापायांतले बळ गेले. तेव्हा समोर असलेले दाढीचे साबणाचे पाणी पिऊन त्यांनी उलटी काढली, म्हणून वाचले. पुढे १८६० च्या दशकात या बियांतले द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि त्याला फायसोस्टिग्मिन हे नाव मिळाले.

एडिंबरोच्याच थॉमस फ्रेझर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बेलाडोनाच्या झाडातले ॲट्रोपिन या बियांच्या विषाच्या नेमके उलट काम करते. एक डोळ्याची बाहुली बारीक करते, दुसरे मोठी. एक तोंडाला लाळ आणते, दुसरे घसा कोरडा करते. आपल्याकडच्या धोतऱ्यातही ॲट्रोपिनच्याच जातीची द्रव्ये असतात. २०१७ मध्ये यवतमाळच्या वॉर्डांत डॉक्टरांनी जे पहिले औषध भरभरून वापरले, त्या ॲट्रोपिनची वाट दीडशे वर्षांपूर्वीच्या या प्रयोगांतून निघालेली आहे.

दोन विषे एकमेकांवर मात करतात, याचा अर्थ ती शरीरातल्या एखाद्या ठराविक जागेवर झुंजत असणार. केंब्रिजचे जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये निकोटीन आणि क्युरारी या द्रव्यांचे स्नायूंवर प्रयोग करून तसा तर्क मांडला. पेशीजवळ बाहेरचे रसायन ओळखून स्वीकारणारे काही तरी खास द्रव्य असले पाहिजे, असे ते म्हणाले. ते द्रव्य डोळ्यांनी दिसत नव्हते, हाती लागत नव्हते. पण आज आपण ज्याला ग्राही म्हणतो, त्याची कल्पना तेव्हा जन्मली.

१९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये खाऱ्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाची चेता चेतवून त्याचा वेग मंदावला आणि त्याभोवतीचे पाणी दुसऱ्याला दिले. दुसरे हृदयही मंदावले. याचा अर्थ, चेतेचा निरोप रसायनाच्या रूपाने पोहोचत होता. हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन, ज्याचा अभ्यास लंडनचे हेन्री डेल १९१४ पासून करत होते. १९२६ मध्ये लोवींनी पुढचा दुवा जोडला. हृदयाच्या ऊतींत ॲसिटिलकोलिन तोडणारे एक विकर असते आणि फायसोस्टिग्मिन ते बंद पाडते. कॅलाबारच्या बियांचे कोडे इथे सुटले.

यातली यंत्रणा शेतकऱ्याला सांगायला सोपी आहे. गव्हाला पाणी देताना माणूस दारे धरतो. पाटाचे पाणी एका वाफ्यात सोडायचे आणि तो भिजला की फावड्याने माती ओढून तोंड बुजवायचे. तोंड वेळेवर बुजले नाही तर वाफा फुटतो, पीक कुजते, पुढचे वाफे कोरडे राहतात. चेतापेशीच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटते, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी अरुंद अशी फट ओलांडते आणि पलीकडच्या पेशीच्या ग्राहीवर बसते. तेवढ्यात निरोप पोहोचतो. त्याच क्षणी कोलिनएस्टरेज ते रसायन तोडून टाकते. या विकराचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो, म्हणूनच आपण बोट हलवून लगेच थांबवू शकतो. ऑर्गॅनोफॉस्फेट या विकराच्या गाभ्यात अडकून बसते. मग दार बुजवणारेच कोणी उरत नाही. ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू थरथरतात आणि मग थकून ढिले पडतात. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

१९३६ चा डिसेंबर

हेच विकर हळुवारपणे, मोजून-मापून अडवले तर ते औषध ठरते, हे १९३४ मध्ये लंडनमधल्या ग्रिनिच इथल्या मेरी वॉकर या डॉक्टर बाईंनी दाखवले. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात स्नायू दुबळे होतात, पापण्या उचलत नाहीत. त्यांनी अशा रुग्णाला फायसोस्टिग्मिन टोचले आणि काही वेळापुरते बळ परत आले. दोन वर्षांनी, १० डिसेंबर १९३६ रोजी, स्टॉकहोममध्ये डेल आणि लोवी यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

त्यानंतर तेराच दिवसांनी, २३ डिसेंबरला, जर्मनीतल्या लेव्हरकुसेन इथे गेरहार्ड श्रेडर या रसायनतज्ज्ञाने एक नवे संयुग तयार केले. तो पिकांवरच्या किडींसाठी औषध शोधत होता. काही आठवड्यांतच त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला त्या संयुगाची बाधा झाली. बाहुल्या बारीक झाल्या, दिसेनासे झाले, श्वास लागला. त्या संयुगाला पुढे टॅबुन हे नाव मिळाले. जर्मन लष्कराने ते ताब्यात घेतले. सरिन हे त्याच कुळातले दुसरे विष त्याच्या पाठोपाठ आले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर लोवींना तुरुंगात टाकले आणि नोबेलची रक्कम सरकारजमा करायला लावून देशाबाहेर घालवले. ज्याने चेतासंधीवरचे दार ओळखले तो परागंदा झाला आणि ते दार मोडणारी रसायने कारखान्यांत बनू लागली.

श्रेडरच्याच प्रयोगशाळेतून १९४४ मध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक बाहेर पडले. युद्ध संपले आणि हे कूळ शेतीत उतरले. त्यावर उतारा शोधण्याचे काम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड नाखमानसोन यांच्या प्रयोगशाळेत चालले होते. तिथे अर्विन विल्सन यांनी १९५५ मध्ये प्रॅलिडॉक्सिम तयार केले. विकराच्या गाभ्यात अडकलेले विष हे द्रव्य उपटून काढते. मात्र त्याला वेळेची मर्यादा आहे. काही काळाने विष आणि विकर यांचे बंध इतके पक्के होतात की मग ते सुटत नाहीत. अशा वेळी शरीराला नवे विकर घडवावे लागते आणि त्याला आठवडे लागतात. विषबाधा झालेला माणूस दवाखान्यात किती तासांत पोहोचतो, यावर सगळे अवलंबून राहते ते यामुळे.

भारताने या विषाचा मोठा धक्का १९५८ मध्ये केरळात पाहिला. पॅराथिऑन सांडलेले धान्याचे पीठ खाऊन शंभरहून अधिक माणसे मेली. चौकशी आयोग नेमला गेला आणि त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजनातल्या मोनोक्रोटोफॉसने २३ मुले गेली. यवतमाळपर्यंत येणाऱ्या वाटेवर असे इशारे आधीच उभे होते.

मण्यारीने दिलेली खूण

विकर कळले होते, पण लँगलीचा ग्राही साठहून अधिक वर्षे हाती लागला नव्हता. तो सापडला सापाच्या विषामुळे. मण्यार हा आपल्या मातीतला साप आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावतो, दंश फारसा दुखतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, घास गिळत नाही, आणि वेळेवर प्रतिविष आणि श्वासाला आधार मिळाला नाही तर माणूस जातो. तैवानमध्ये याच मण्यारीच्या जातकुळीतला एक साप असतो. १९६३ मध्ये तैपेईच्या विद्यापीठातल्या चँग आणि ली या दोघा संशोधकांनी त्याच्या विषातून एक प्रथिन वेगळे काढले. ते स्नायूवरच्या ॲसिटिलकोलिनच्या ग्राहीला असे काही चिकटते की सुटतच नाही.

शास्त्रज्ञांना हवी होती ती खूण हीच. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्याँ-पिएर शांज्यू यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचे वीज-अंग घेतले, कारण त्यात हे ग्राही खच्चून भरलेले असतात. त्यावर हे विष टाकले आणि ज्याला ते चिकटले ते बाहेर ओढून काढले. अशा रीतीने १९७० मध्ये ग्राही पहिल्यांदा हाती आला. पेशीच्या पृष्ठभागावर बसलेले ते एक प्रथिन होते. त्याच्या मधोमध एक मार्ग असतो आणि ॲसिटिलकोलिन येऊन बसले की तो उघडतो. तीन वर्षांनी अमेरिकेत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी हा शुद्ध ग्राही सशांना टोचला. सशांच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, ती सशांच्या स्वतःच्या ग्राहींवरही उलटली आणि ससे दुबळे पडले. मेरी वॉकर यांच्या रुग्णांच्या आजाराचे मूळ तिथे सापडले.

इतर विषांनीही अशाच खुणा दिल्या. ब्लॅक विडो या कोळ्याचे विष चेतापेशीच्या टोकावर कशाला चिकटते, याचा माग काढताना टोमास झ्यूडहोफ यांच्या डॅलसच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्ये न्यूरेक्सिन हे प्रथिन सापडले. पुढे त्याचा जोडीदार न्यूरोलिजिन सापडला. एक अलीकडच्या पेशीवर, एक पलीकडच्या. फटीतून ती एकमेकांना धरतात आणि सांधा घडवायला, टिकवायला मदत करतात. महाराष्ट्रातही या वाटेवर एक मोठे काम झाले आहे. मराठवाड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या महाडला विंचूदंशाचे रुग्ण हाताळताना पाहिले की लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचे वादळ उठते आणि हृदय कोलमडते. ही रसायने पेशींवरच्या ज्या ग्राहींवर काम करतात, ते अडवणारे प्राझोसिन त्यांनी वापरले. त्यांचे हे काम १९८० च्या दशकात लॅन्सेट या नियतकालिकात छापून आले आणि कोकणात विंचवाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. पेशीपृष्ठावरच्या रेणूचे ज्ञान खेड्यातल्या खाटेपर्यंत पोहोचले की काय घडते, याचे हे आपल्या घरचे उदाहरण आहे.

प्रौढ मेंदूचे बंद दार

इथवरची गोष्ट बहुतांशी स्नायूंची आणि हृदयाची होती. मेंदूचे काय? विसाव्या शतकाच्या आरंभी सान्तियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशींचे जंगल रेखाटले आणि प्रौढ मेंदूचे मार्ग ठरून गेलेले असतात, असे मत नोंदवले. १९६० च्या दशकात डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. कोवळ्या वयात एक डोळा काही काळ झाकून ठेवला तर मेंदूचा दृष्टीचा भाग त्या डोळ्याला जणू वगळतो आणि दुसऱ्याला जास्त जागा देतो. मोठ्या मांजरीचा डोळा तितकाच काळ झाकला तर तसे काही होत नाही. लहानपणीचा एक काळ मेंदूच्या जोडण्या बदलायला मोकळा असतो आणि मग तो मिटतो, असा निष्कर्ष निघाला. या कामाला १९८१ मध्ये नोबेल मिळाले. डॉक्टरांनी यातून सांगितले की मुलाचा आळशी डोळा लहानपणीच सुधारायला हवा, नंतर फार काही करता येत नाही.

मग हा काळ मिटवते कोण? उत्तराचा पहिला धागा पुन्हा ॲसिटिलकोलिनपाशी निघाला. १९८६ मध्ये मार्क बेअर आणि वोल्फ झिंगर यांनी दाखवले की मांजरीच्या पिलाच्या मेंदूला ॲसिटिलकोलिन आणि नॉरॲड्रेनलिन या दोन्हींचा पुरवठा तुटला तर कोवळ्या वयातही हा बदल घडत नाही. १९९८ मध्ये मायकेल किलगार्ड आणि मायकेल मर्झेनिक यांनी प्रौढ उंदरांवर उलट बाजूने प्रयोग केला. मेंदूच्या तळाशी ॲसिटिलकोलिन सोडणाऱ्या पेशींचा एक गठ्ठा असतो. एक ठराविक स्वर ऐकवताना तो गठ्ठा चेतवला, तर प्रौढ मेंदूतही त्या स्वराला मिळणारी जागा मोठी होत गेली. नुसता स्वर ऐकवून हे होत नव्हते. माणूस किंवा प्राणी लक्ष देतो तेव्हा हेच रसायन सुटते. लक्ष देऊन केलेला सराव मेंदूला का बदलतो, त्याचा एक रासायनिक पाया इथे दिसला.

दुसरा धागा सापाच्या विषाशी येऊन मिळाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात नॅथनियल हाइन्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत ज्युली मिवा यांना १९९९ मध्ये मेंदूतल्या पेशींच्या पृष्ठभागावर एक छोटे प्रथिन सापडले. त्याची घडण मण्यार आणि नागाच्या विषातल्या प्रथिनांसारखीच होती, तीन बोटांसारखे तीन फाटे असलेली. त्याला लिंक्स-१ हे नाव दिले गेले. सापाचे विष ग्राही बंद पाडते. लिंक्स-१ शरीराचेच असते, पेशीला बांधलेले असते आणि ते ॲसिटिलकोलिनच्या ग्राहीला आवरून धरते. म्हणजे ज्या साच्यातून सापाने शस्त्र घडवले, त्याच साच्यातले एक प्रथिन आपल्या मेंदूत रोजच्या कामाला आहे.

२०१० मध्ये हिरोफुमी मोरिशिता, ताकाओ हेन्श आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनाचे खरे मोल दाखवले. उंदीर वयात येतो तसे मेंदूच्या दृष्टिक्षेत्रात लिंक्स-१ वाढते. ज्या उंदरांत ते नव्हतेच, त्यांच्या मेंदूची बदलण्याची क्षमता प्रौढपणीही लहान पिलांसारखी राहिली. लहानपणी झाकलेला डोळा मोठेपणी उघडल्यावर त्याची नजर सुधारली. आणि साध्या प्रौढ उंदरांना फायसोस्टिग्मिन दिल्यावर, म्हणजे कोलिनएस्टरेज जरासे अडवून ॲसिटिलकोलिन थोडे जास्त वेळ राहू दिल्यावर, त्यांच्याही मेंदूत बदल घडू लागले. ज्या बियांचा तुकडा क्रिस्टिसन यांनी चघळला होता, त्याच बियांतले द्रव्य दीडशे वर्षांनी मिटलेले दार किलकिले करण्याच्या कामी आले.

लिंक्स-१ एकटे नाही. काही चेतापेशींभोवती साखरेच्या साखळ्या आणि प्रथिने यांची विणलेली जाळी असते. ती कामिल्लो गोल्जी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच पाहिली होती, पण तिचे काम कोणाला माहीत नव्हते. २००२ मध्ये इटलीत पिसा इथे तोमासो पिझोरुस्सो आणि लाम्बेर्तो माफेई यांच्या गटाने प्रौढ उंदरांच्या मेंदूतली ही जाळी एका जिवाणूच्या विकराने विरघळवली, आणि मिटलेला काळ पुन्हा उघडला. प्रौढ मेंदू दगड झालेला नसतो, हे या सगळ्यातून स्पष्ट झाले. त्याची बदलण्याची ताकद शिल्लक असते. पेशींच्या अंगावरचे हे रेणू ती जपून, मोजून खर्चू देतात, म्हणून कमावलेले कौशल्य आणि आठवणी टिकतात. हे प्रयोग प्राण्यांवरचे आहेत आणि त्यांतून माणसासाठी उपचार घडायला अजून बरेच काम व्हायचे आहे. पण दिशा पक्की आहे.

विष उतरल्यानंतर

आता यवतमाळच्या वॉर्डातून घरी गेलेल्या माणसाकडे पाहू. कोलिनएस्टरेज जरासे अडवल्याने मेंदू शिकतो, म्हणून फवारणीच्या विषात काही चांगले असेल, असा अर्थ कोणी काढू नये. प्रयोगात द्रव्य मोजून दिले होते आणि त्याचा असर काही वेळाने उतरत होता. शेतात आठवडाभर अंगावर पडलेले ऑर्गॅनोफॉस्फेट प्रत्येक सांध्याला एकाच वेळी बुडवते. तेव्हा पेशी स्वतःला वाचवायला आपल्या पृष्ठभागावरचे ग्राही कमी करतात. १९९८ मध्ये जेरुसलेमच्या हर्मोना सोरेक आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले की अशा द्रव्यांनी आणि तीव्र ताणानेही ॲसिटिलकोलिनशी निगडित जनुकांचे काम दीर्घकाळ बदलून जाते आणि मेंदू कोलिनएस्टरेज अधिक घडवू लागतो. विष उतरल्यावरही मेंदू पूर्ववत होत नाही. तो स्वतःला नव्याने बांधत असतो, आणि ती बांधणी कशी होईल हे पुढच्या काळातल्या काळजीवर अवलंबून असते.

वैद्यकाकडे याच्या पाऊलखुणा आहेत. १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सेनानायके आणि कारालियेद्दे या डॉक्टरांनी नोंदवले की रुग्ण सावरतोय असे वाटत असताना एक ते चार दिवसांत मान, दंड आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. काही ऑर्गॅनोफॉस्फेटांमुळे दोन-तीन आठवड्यांनी हातापायांत मुंग्या आणि दुबळेपणा येतो. १९९१ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाराग्वातल्या कामगारांचा अभ्यास छापून आला. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या बाधेनंतर सुमारे दोन वर्षांनी तपासलेल्या या माणसांचे लक्ष, स्मरण आणि हातांची चपळाई इतरांपेक्षा कमी भरली. बाहेरून धडधाकट दिसणारा माणूस आतून पूर्ण बरा झालेला असतोच असे नाही.

आणि हे ओळखायला फार मोठी यंत्रणाही लागत नाही. आपल्या तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावरही तेच कोलिनएस्टरेज असते. रक्ताच्या साध्या चाचणीने ते किती शिल्लक आहे ते मोजता येते, आणि त्यावरून मेंदूतल्या सांध्यांवर काय चालले असेल याचा अंदाज येतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे हरवलेले विकर पूर्ण भरून यायला तितकाच काळ लागतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९७४ पासून या कुळातली औषधे हाताळणाऱ्या कामगारांची ही तपासणी सक्तीची केली. फवारणीच्या हंगामाआधी एकदा मोजायचे, मग ठराविक काळाने. विकर एका मर्यादेखाली गेले की त्या माणसाला फवारणीपासून दूर ठेवायचे. २०१७ च्या हंगामात यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ही तपासणी करण्याची सोय नव्हती. डॉक्टरांनी लक्षणांवरून, अनुभवावरून उपचार केले आणि शेकडो माणसे वाचवली. पण जी गोष्ट १९२६ मध्ये ग्राझला कळली, १९५५ मध्ये जिच्यावर उतारा सापडला आणि १९७४ मध्ये जिच्यासाठी नियम झाले, ती पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात ऐन संकटात हाताशी नव्हती.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा निर्णय घेतला. तो योग्य आहे, पण एका औषधाच्या जाण्याने काम संपत नाही. प्रत्येक फवारणी करणाऱ्या माणसाचे हंगामापूर्वी एकदा कोलिनएस्टरेज मोजले पाहिजे. तालुक्याच्या रुग्णालयात ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिमचा साठा पावसाळ्याआधी असला पाहिजे, कारण उशीर झाला तर त्याचा उपयोग घटत जातो. बाधा झालेल्या माणसाला घरी सोडल्यावर तीन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि दोन वर्षांनी पुन्हा बोलावून त्याचे हात, डोळे, लक्ष आणि स्मरण तपासले पाहिजे. ज्याला अडचण आहे त्याला लक्ष देऊन, पुन्हा पुन्हा करायचा सराव शिकवणारा कोणी तरी जवळ असला पाहिजे. प्रौढ मेंदू नव्या वाटा काढू शकतो, आणि लक्ष देऊन केलेला सराव त्याला त्या काढायला मदत करतो, हे आता आपल्याला माहीत आहे. ते माहीत असताना त्या मजुराला नुसता सुट्टीचा कागद देऊन घरी पाठवणे हा अन्याय आहे.

या विद्येचा प्रत्येक टप्पा कोणाच्या तरी अंगावर पडलेल्या विषातून आला. कॅलाबारला बी खाऊन मेलेले अनामिक आरोपी, मण्यार चावलेली माणसे, श्रेडरच्या प्रयोगशाळेतले बाधित हात, केरळ आणि बिहारची मृत माणसे. त्यांच्या किमतीवर मिळालेले ज्ञान यवतमाळच्या मजुराचेही आहे. ते त्याच्या गावच्या दवाखान्यापर्यंत नेणे हे विज्ञानाचे उरलेले काम आहे, आणि त्याला उशीर करण्याचे एकही सबळ कारण आता उरलेले नाही.